उलटा स्वर

घणसोलीत गाद्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
शनिवारी साडेचारला स्पॅनिशचा क्लास.
ओल्गा मिस वसईहून येतात,
खडू स्वतःचा आणतात,
इथला मोडतो.

आज नकारार्थी आज्ञा.
होकारात सोपं होतं : हाब्ला, बोल. कोमे, खा.
नकार आला की क्रियापद आतून फिरतं.
मुळात आर असेल त्याला शेवटी ए,
एर नि इर यांना आ.
नो हाब्लेस. नो कोमास. नो आब्रास.
बोलू नकोस, खाऊ नकोस, दार उघडू नकोस.
"शेजाऱ्याचा स्वर घालून जायचं," मिस म्हणाल्या,
"लग्नाला जाताना शेजारणीचा हार घालतात तसं."

आपलं क्रियापद काही बदलत नाही.
बोलू, खाऊ, उघडू निमूट उभी,
आणि सगळं भांडण शेजारच्या नको-ने करायचं.

मग मान द्यायचा असेल तर शेवटचा स गाळा.
नो हाब्लेस, मित्राला. नो हाब्ले, साहेबाला.
वहीत मी शेजारी लिहिलं : नकोस, नका.
आपलाही स गळतो!
मी हात वर केला, सांगितलं.
मिसनी खडू खाली ठेवला,
"बावीस वर्षं शिकवतेय," म्हणाल्या,
पुढे काहीच म्हणाल्या नाहीत.

आठवड्यापासून ऐरोलीत रात्रपाळी आहे.
कुणाकुणाची बिघडलेली वॉशिंग मशीन,
आणि मी : नो कोर्ते, सेन्योरा,
फोन कापू नका, बाई.
ती कापते.
मी बरोबर बोलले होते, स गाळून.

घरचा अभ्यास, वेन्देर : विकणे. वाक्य करा.
मी पेन उचललं आणि खिडकीतून खाली पाहिलं.
ही बिल्डिंग ज्यावर आहे
तो साडेबारा टक्क्यांतला आमचा प्लॉट.
कागदावर बाबांची सही,
आणि त्याच्या आदल्या रात्री
भाकरी थापता थापता, मागे न बघता, आई :
"इकू नका."

नो वेन्दा.
चुकलं नव्हतं काही. स नव्हता, स्वरही उलटलेला.
आज्ञा म्हणून अगदी निर्दोष.
बाबांनी पाणी मागितलं.

मिसना विचारलं,
झालेल्या गोष्टीला नको कसं म्हणायचं?
विकू नको होतंस, असं काहीतरी?
"भूतकाळाला आज्ञार्थ नसतो," त्या म्हणाल्या,
"तिथे फक्त तक्रार असते, ती पुढच्या पुस्तकात."

सव्वासहाला दुकानदार शटर ओढतो,
सगळा मजला थरथरतो, आमचा म्हणून जास्त वाटतो.
जाता जाता मिसनी फळ्यावर एकच शब्द टाकला :
एस्पेरार. नियमित.
वाट पाहणे. आशा धरणे. दोन्हीला हाच.
"दोन वेगळे नाहीत?" निनादनं विचारलं.
"त्यांना लागले नसतील," मिस.

रिक्षात आईला मेसेज केला.
रात्री उशीर, वाट पाहू नको.
मग तेच मनात दुसऱ्या भाषेत म्हणून पाहिलं,
नो एस्पेरेस,
आणि लक्षात आलं मी तिला काय काय करू नको म्हटलं ते.

मेसेज खोडायचा होता. निळ्या खुणा आल्या होत्या.

पहाटे साडेतीनला गल्लीत वळले तेव्हा
आमच्या ओट्यावरचा दिवा चालू होता,
आई पायरीवर, सुकटीचा डबा मांडीवर,
निवडत.