दोन बाजूंची पाटी

बुधवारी, जुन्या बाजारात,
शकूरभाईंनी ती भंगाराच्या काट्यावर टाकली.
सव्वादोन किलो.
मी घासाघीस केली नाही,
तेव्हा त्यांनाच संशय आला.

पत्र्याची. निळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने
'आइस्क्रीम तयार आहे'.
'तयार'मधला 'य' गंजाने चाटून नेलाय.
खाली पिस्ता, सीताफळ, बारा आणे,
आणि कोपऱ्यात मुंगीएवढं:
ठोसर पेंटर, रास्ता पेठ.

घरी रॉकेलच्या बोळ्याने पुसता पुसता
पाठ उजळली,
तोच हात, तीच वेलांटी:
'आइस्क्रीम संपले. उद्या या.'

बत्तिसावी पाटी ही माझी.
पहिली आणली त्या वर्षी
रिपोर्टावर लाल पेनाने गोल केलेला आकडा होता.
अकरा वर्षं झाली.
डॉक्टर म्हणतात, एखादा चमचा चालेल.
एका चमच्याचं काय करायचं असतं,
ते मला कधी जमलं नाही.

स्वयंपाकघराच्या दारात टांगलीय,
एकाच खिळ्याला, सुतळीने.
पंखा लावला की गरगरते.
जाता-येता मंदाकिनी ती
सरळ करून ठेवते.

सरळ बाजू कुठली,
हे आमचं अजून
ठरलेलं नाही.