कै.

ऑक्टोबरच्या मध्यात पडद्यावर निळी पट्टी आली,
या संगणकाला यापुढे आधार मिळणार नाही.
सासरे म्हणाले, लिंक करायचं राहिलं असेल बघ,
बँकेत जाऊन अंगठा देऊन ये.

मी हसले नाही.
चरईतल्या आमच्या साडेसात बाय दहाच्या दुकानात
ठाण्याची अर्धी लग्नं त्या खोक्यात होती,
दशक्रियेची पत्रं होती, मंगळवारी पाणी येणार नसल्याच्या नोटिसा,
आणि मागे खोचलेला फॉन्टचा डोंगल,
दसऱ्याला झेंडूचं पहिलं फूल त्याला,
मशीनला नंतर.

नवा संगणक आला. निमिष म्हणाला, आई, यात सगळं येतं.
डोंगलचं भोक तेवढं नव्हतं.
जुनी फाइल उघडली तर
॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥ च्या जागी
टोप्या घातलेली फिरंगी अक्षरं,
उलटं प्रश्नचिन्ह, पौंडाची खूण,
कुलदेवीच्या ठिकाणी कुणा परक्या दुकानाचा हिशेब.
आणि नव्याने टाइप करावं तर
ल असा, की पाकळ्या गळलेल्या,
दिल्लीहून बदली होऊन आलेल्या साहेबासारखा
नीट बोलतो, पण आपला वाटत नाही.

अशात चेंदणीचा हरेश्वर नाखवा आला.
पोरीचं लग्न, स्वरांगीचं.
म्हणाला, आमची होती ना नव्याण्णव सालची,
तशीच पायजे ताई. अक्षरं पन तीच.
घरात एकही उरली नाही,
सव्वीस जुलैला सगळ्या भिजल्या.

त्याला उद्या ये सांगितलं.
शटर अर्धं ओढून बसले त्या कचऱ्यासमोर.
डोळ्यांना काही कळेना,
मग बोटं कीबोर्डवर ठेवली, नुसती,
आणि करंगळीला आठवलं,
टोपीवाला ओ म्हणजे वेलांटी.
पौंड म्हणजे र, त्याच्या पोटात काना.
अंगठ्याने श सांगितला.
सव्वीस वर्षं बोटांनी जे लिहिलं
ते बोटंच वाचत गेली, मी फक्त ऐकत होते.
रात्री साडेदहाला निमंत्रकांपर्यंत पोचले :

श्री. धाकूजी बाळाजी नाखवा.

हात थांबला.
धाकूशेठ लग्नाआधी चौदा महिने गेलेले.
मला कै. लावायचं राहिलं होतं.
पाचशे पत्रिका गेल्या तशाच,
उत्तनचा एक म्हातारा मांडवभर विचारत फिरला,
धाकूशेठ कुठं बसलेत, पाया पडायचंय.
हरेश्वरची आई दुकानाच्या पायरीवर येऊन रडली होती.
मी अर्धे पैसे परत केले, आणि त्यानंतर
प्रत्येक नाव घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवायला लागले.

दुसऱ्या दिवशी हरेश्वरला दाखवलं.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, ह्याला हात लावू नका. श्रीच ऱ्हाऊ द्या.
तवा आला होता, आता पन येईल.

बाकीच्यांचं मात्र बरोबर करा.
बोटं मोडत सांगत गेला :
आई. मोठा भाऊ. वसईची आत्या.

मी कै टाइप केलं.
पुढचा शब्द नव्या संगणकाने आपणहून दिला : कैरी.
पुन्हा कै. पुन्हा कैरी.
तिसऱ्यांदा हरेश्वरच हसला,
चांगलाय की तुमचा संगणक,
ह्याच्या घरचं अजून कोनी गेलं नाय.

खाली एक चौकोन उघडला होता,
हा शब्द कायमचा लक्षात ठेवू का?
मी नको दाबलं.
दर वेळी पुढे कैरीच येऊ दे,
दर वेळी खोडेन मी,
हाताने, एकेक अक्षर.