नारिंगीच्या जागी हिरवी

कुताइसीत, रिओनी नदीच्या अलीकडे,
मी सोळा वर्षांचा असताना
सतरा मीटर केबल खांद्यावर टाकून
एकाच घरात दोन दारांनी शिरलो.

वरच्या दाराने त्सियालाबाईंकडे.
मोडेम त्यांचा, कनेक्शन त्यांच्या नावाचं.
खालच्या दाराने वालिकोकडे, त्यांचा धाकटा भाऊ.
त्याने अर्ध्या बिलाचे पैसे माझ्याच हातात दिले,
पाकिटात, जिन्याने वर पोचवायला.

नऊ वर्षांचा अबोला.
कारण विचारलं की दोघंही आवाराकडे बोट करायची :
बापाने पुरलेला वाइनचा रांजण,
तोंडावर दगडी झाकण, नेमका हद्दीवर.
ना त्याने उघडला, ना तिने.

मी म्हटलं, बाजारातली साधी केबल चालायची नाही.
दोन कॉम्प्युटर थेट एकमेकांना जोडायचे
तर या टोकाला नारिंगी जोडी असेल
तिथे त्या टोकाला हिरवी लागते.
नाहीतर याची बोलायची तार
त्याच्याही बोलायच्याच तारेला जाऊन भिडते,
आणि ऐकायला कुणीच नसतं.
त्सियालाबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
"मला शिकवू नकोस. भोक कुठे पाडणार तेवढं सांग."

भोक पाडलं शेगडीच्या धुराड्याशेजारी.
खाली वालिको स्टुलावर, हात वर करून.
ओठांत खिळे धरलेले, त्यामुळे काही बोलला नाही.
तसाही बोलला नसताच.
केबल उतरत आली, त्याच्या केसांवर चुना सांडला,
आणि वरून कुणीतरी, सवयीने असेल,
"डोळे मीट" म्हणालं.

त्सियालाबाईंच्या यंत्रात दोन कार्डं बसवली,
एक जगाकडे तोंड केलेलं, एक भावाकडे.
त्यांना एक आकडा, त्याला त्याच्या पुढचा.
बाहेरून बघणाऱ्याला मात्र
दोघांचा मिळून एकच पत्ता दिसतो.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
काम अर्ध्यावर राहिलं असतं.

वालिकोची बायको एतेरी थेसालोनिकीत
एका परक्या म्हातारीला न्हाऊ-माखू घालायची.
म्हातारी झोपली की स्वयंपाकघरात, कॅमेऱ्यासमोर,
उरलेलं सूप जेवता जेवता बोलायची.
आणि इकडे दहाच्या ठोक्याला त्सियालाबाई
पटावरचा डाव संपवून, यंत्र बंद करून,
त्यावर क्रोशाचा रुमाल टाकून झोपायला जायच्या.
वीज काय फुकट येते?

मग वालिको झाडूच्या दांड्याने छत ठोकायचा.
वरून टाच आपटल्याचा आवाज यायचा.
माझी आई म्हणाली, चला,
नऊ वर्षांनी निदान काहीतरी सुरू झालं.

नोव्हेंबरात पंख्यातली धूळ काढायला गेलो
तेव्हा त्सियालाबाई अक्रोड फोडत बसल्या होत्या.
माझ्याकडे न बघता विचारलं,
"मी बंद केलं की खाली काय होतं?"

मी म्हटलं, एतेरी थांबते.
असेल तशी. चमचा हातात, तोंड उघडं.
एकदा पापण्या मिटलेल्या असतानाच थांबली.

"आणि तो?"

तो बसून राहतो. कधी कधी बराच वेळ.
मी पाहिलंय ते एवढंच.

त्यांनी एक अक्रोड फोडला, किडका निघाला,
दुसरा घेतला.
पैसे मोजून दिले, नेहमीपेक्षा एक नाणं कमी.
पुन्हा मोजायला लावायचा धीर मला झाला नाही.

नंतर एकदा ख्रिसमसच्या सुमारास गेलो.
रुमाल घडी करून बाजूला ठेवलेला,
पंखा घरघरत होता, भोकातून खाली
आणि खालून वर कुणाच्या तरी हसण्याचा आवाज.
यंत्राच्या बटणावर चिकटपट्टी होती,
बोट कापल्यावर लावतात ती, गुलाबी,
आणि तिच्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात :
हात लावू नये.

वरच्या मजल्यावर
त्या एकट्याच राहायच्या.