वीतभर डावीकडे

कुह्मोच्या जंगलात आठ दिवस ओला बर्फ.
हिल्काच्या बापाची रायफल फुगलीय,
म्हणजे दस्ता, अक्रोडाचा. पोलाद कशाला फुगेल?
गोळी वीतभर डावीकडे जाते.
बाप वीतभर उजवीकडे धरायचा
आणि कुणाला सांगायचा नाही.

भाचा यालो आपली काळी, पॉलिमरची, पुढे करतो:
"हिला पाऊस कळतच नाही, मावशी."
खरंय.
मूस एका गोळीत आडवा झाला,
बर्फावर वाफा.

रात्री चुलीपाशी
ती जवसाचं तेल अंगठ्यानं मुरवत बसते.
गाल टेकायचा तिथं खळगा पडलाय,
तिचा गाल त्यात पुरता बसत नाही,
चाळीस वर्षं झाली.

"विकतेस का?" यालो विचारतो.
"थांब," ती म्हणते,
"अजून पितोय तो."