जत, अठरा दिरहम

फळ्यावर पहिली ओळ चाऱ्याची.
खडूनं लिहितो: जत, गठ्ठा, अठरा.
इथले लोक लसूणघासाला जत म्हणतात
हे कळलं त्या दिवशी मी एकटाच हसलो होतो;
कुणाला सांगावं ते सुचलं नव्हतं.
माझ्या तालुक्याचं नाव जत.
तिथं घास सोडा, कुसळांचीही मारामार,
आणि इथं रास अल खैमात, वाळूच्या उंबऱ्यावर,
जत हिरवंगार, ओलं, सुतळीनं आवळलेलं,
ट्रकमधून उतरतं.

खाली जनावरं.
सोमाली, काळ्या तोंडाचं: चारशे वीस.
इराणी, शेपटाच्या चरबीसकट: अकराशे.
नईमी: चौदाशे, कारण बकरी ईद पंधरा दिवसांवर.
हिंदी: सातशे.
हिंदी म्हणजे कुठलं, ते कुणी विचारत नाही.
मी ओठ वर करून बघतो,
दुदाती, चौदाती, जुळलेलं,
आणि मग नाकाडाचा बाक.
माडग्याळी मेंढ्याचं नाक राघूच्या चोचीसारखं.
अकरा वर्षांत तसलं एकही नाक बोटीतून उतरलं नाही.
बरंच झालं म्हणा.
त्याच्यापुढं आकडा लिहायला हात उठला नसता.

बर्बेऱ्याहून बोट सुटली की भाव दहानं उतरतो,
बोट वाऱ्यात अडकली की चाळीसनं चढतो.
ऑस्ट्रेलियात पाऊस चुकला
की इथं जवाचं पोतं फुगतं.
मालक दुर्मुहम्मद, बलुची, म्हणतो:
भाव म्हणजे ताप रे. काखेत बघायचा,
आणि गिऱ्हाइकाला एक डिग्री कमी सांगायचा.
ईद सरली की दुसऱ्या दिवशी
त्याच चौदाशेच्या मेंढ्याला कुत्रं विचारत नाही.

उबैद बिन खलफान, दलाल.
बाकीचे ओरडून बोलतात, हा बोलत नाही.
पहिल्याच आठवड्यात यानं खांद्यावरचा रुमाल काढला
आणि माझ्या हातावर टाकला.
आतून बोटं आली, शोधत.
मला घाम फुटला; ही बोटं मला येत होती.
माझा बाप उपरण्याखाली असाच बोलायचा,
आटपाडीच्या बाजारात, खिलार खोंडांचं,
तोंडानं मात्र पावसापाण्याचं.
उबैदचा आजा मोत्यांचा दलाल,
तोही फडक्याखाली, बोटीच्या फळीवर.
फक्त याचं एक बोट म्हणजे शंभर
आणि माझं हजार.
सोमाली बोकड मी चार हजाराला मागितला!
म्हातारा हसला, इतका
की सवयीनं मी त्याचेही दात मोजले.
सहा.

आता फळा जाणार म्हणतात, काचेचा पडदा येणार,
किलोवर भाव, मिनिटाला बदलणारा.
येऊ दे. दात कोण बघणार, ते अजून ठरलेलं नाही.

यंदाच्या ईदनंतर तिसऱ्या दिवशी
वाडगी रिकामी, पाण्याची टाकी टपकतीय.
भावाचा आवाज फोनवर सकाळपासून चारदा ऐकलेला:
‘उरलेली चाळीस दिली दादा, आटपाडीत.
भाव बक्कळ आला. पिकअप घेतोय.’
मागं म्हशीचा हॉर्न का पिकअपचा, नीट कळलं नाही,
असलं काहीतरी बोलून मी दुर्मुहम्मदला हसवलं.

उबैद येऊन बसला. रुमाल टाकला.
विकायला काही नव्हतं.
तरी त्यानं विचारलं, बोटांनी,
बोट मनगटाकडं सरकवून, म्हणजे: घरी.
घरी किती?

मी मूठ मिटली.

आमच्यात झाकल्या मुठीला सव्वा लाख मिळतात.
याच्या हिशेबात तिला काय म्हणतात, माहीत नाही.
यानं ती उघडायला बघितलं नाही.
नुसती तोलत बसला, मोती तोलावा तशी,
आणि बऱ्याच वेळानं म्हणाला,
‘गाली, म्हाळाप्पा. गाली.’
महाग आहे.

बाहेर चाऱ्याचा ट्रक लागला होता.
उठून फळा पुसला.
जत, गठ्ठा, सोळा.