उचलायचं काय

जिल्हा न्यायालय, सोलापूर. कोर्ट नंबर सहा.
मे महिना. पंख्याला वारा नाही, नुसता आवाज.
साक्षीदार नंबर दोन : चंद्रव्वा शिवप्पा कोळ्ळे,
वय अंदाजे सत्तर, धंदा झाडलोट,
अशोक चौकामागचा एक लूमचा कारखाना.

शिपाई म्हणाला, म्हणा माझ्यामागं :
ईश्वरसाक्ष शपथ घेते की.
तिनं म्हटलं. सगळं म्हटलं, 'की'सकट.
मग तळहात तसाच पुढं धरून विचारलं,
"झालं? आन् ह्यात उचलायचं काय?"

वकील हसले. साहेबांनी चष्मा काढला.
"आमच्यात बेलभंडार उचलतेत," ती म्हणाली.

मी टाइप केलं : बेलभंडार.
शब्दाखाली लाल नागमोडी रेघ.
यंत्रानं त्याऐवजी सुचवलं :
बेलदार. बेलगाम. बेलाशक.

सव्वीस वर्षं मी इथं लोकांच्या शपथा टाइप करतो.
शपथ घेतात, हे ठाऊक.
आण घालतात, बहुधा दुसऱ्याला.
भाक देतात, म्हणजे ती आपल्यापाशी उरत नाही.
बेलभंडार तेवढा उचलतात,
धान्याचं पोतं उचलावं तसं क्रियापद,
आणि खाली बघावं तर
एक पान, चिमूटभर हळद.
सोनाराचा काटासुद्धा हलायचा नाही.

तिनं पदराची गाठ सोडली.
सिद्धेश्वराचा बेल, वाळलेला, तीनातलं एक पान तुटलेलं.
बाळ्याच्या खंडोबाचा भंडारा, एसटीच्या तिकिटात बांधलेला.
सरकारी वकील उठले : कायद्यात असं काही नाही.
साहेब म्हणाले, उचलू द्या. लवकर.

तिनं उचलला.
कपाळापर्यंत नेला, आणि हात तिथंच राहिला.
मी टाइप केलं : (साक्षीदार थांबते.)
मागच्या बाकावर कारखान्याचे मालक खाकरले.
पोलिसांपुढच्या जबाबात तिनं स्पष्ट सांगितलं होतं :
रात्री अकरा, सुताचं पोतं, नरसय्या बोड्डू, मागचं दार.

"त्या रातच्याला मी तितं नव्हतेच.
लेकीकडं होते, वळसंगला."

मग जबाबात असं कसं?

"त्ये सांगताना हातात काय नव्हतं."

कुणीच काही बोललं नाही. पंखा तेवढा.
पिंजऱ्यातल्या नरसय्याला मराठी नीट कळत नाही,
तो अजून वकिलाच्या तोंडाकडं बघत होता.

मग सरकारी वकिलांनी परवानगी मागितली,
साहेबांनी मान हलवली,
मी टाइप केलं : साक्षीदार फितूर.
ह्या शब्दाखाली रेघ आली नाही.

जाताना तिनं माझ्या टेबलावर सांडलेली हळद
पदरानं टिपून घेतली. सवयीनं.
पान मात्र मुठीतच नेलं.
कळफलकावर, दोन शब्दांत जागा सोडायच्या पट्टीवर,
थोडी पिवळी राहिली आहे.
कालपासून मी अंगठा जरा जपून टेकवतो.