रंग पाहायचा तर उजेडात

तोंडाला पाणी सुटणं म्हणजे काय
ते मी अकरा वर्षांत विसरलो.
संत्र्याची फोड जिभेवर ठेवली
तरी जीभ सुती. धुतलेली, वाळलेली, घडी घातलेली.
गोळ्या रात्रीच्या. त्या आवाज बंद करतात
आणि जाताना नळही बंद करून जातात.

आधी दाढा गेल्या. मग समोरचे.
त्या काळात ब्रश उचलणं
म्हणजे अख्खा तागा खांद्यावर घेणं.
वहिनी ब्रशला पेस्ट लावून ठेवायची,
दुपारपर्यंत ती चुन्यासारखी कडक व्हायची.
वहिनी काही बोलायची नाही. नवा ब्रश आणायची.

"हसतील त्यांचे दात दिसतील," बाबा म्हणायचे.
लोकांकडे लक्ष देऊ नको, एवढाच अर्थ.
मी तो शब्दशः घेतला.
हसलोच नाही.
गांधीबागच्या दुकानात गिऱ्हाइकाला पदर दाखवताना
डावा हात कापडावर, उजवा ओठांवर,
आणि एका हाताने साडी उलगडत नाही.
शेठ म्हणाले, प्रल्हाद, काही दिवस आराम कर.
ते दिवस अजून संपले नाहीत.

कोरोनाची दोन वर्षं मात्र बरी गेली.
लाज वाटते सांगायला. लोक मरत होते
आणि मी इतवारीतून ताठ मानेनं भाजी आणायचो,
सगळ्यांचंच तोंड झाकलेलं.
मग मास्क उतरले. माझा राहिला.
गल्लीतली पोरं म्हणाली, "पाह्य बे, कोरोनावाला अजून फिरून राहिला."

सक्करदऱ्याच्या डॉक्टरनं औषधांची चिठ्ठी वाचली
आणि स्टूल जरा मागे सरकवलं.
"हा चावणार तर नाही ना?"
भावाला विचारलं. मला नाही.
मी तिथंच होतो, तोंड उघडून.
चावायला दात होते कुठे.

मग मेडिकल चौक, सरकारी दवाखाना, नंबर सत्तावन्न.
मोटघरे नावाची इंटर्न, चोवीसेक वर्षांची,
खिशाला शाईचा डाग.
तिनं तीच चिठ्ठी वाचली. म्हणाली,
"काका, या गोळ्यांनी तोंड कोरडं पडते.
कोरड्या तोंडात दात लवकर किडतात.
तुमचा आळस नाही तो.
गोळ्या सोडू नका. घोट घोट पाणी पीत राहा."
मी छताकडे पाहत होतो.
पंख्याला तीन पाती होती.
बराच वेळ मोजली.

चौथ्या खेपेला तिनं एक पट्टी काढली,
दात ओळीनं, पांढऱ्याचे सोळा प्रकार.
एक ओठाशी धरून म्हणाली, हा बरोबर.
"नाही," मी म्हणालो.
आवाज दुकानातला निघाला.
"ट्यूबलाइटखाली रंग फसवते, मॅडम. खिडकीशी चला."
कितीक बायांना मी असंच
गादीवरून उठवून ओट्यावर नेलं होतं,
मोतिया आणि साईचा रंग, यातला फरक दाखवायला.

खिडकीत कडुनिंबातून गाळून आलेलं ऊन.
आरसा धरला. ओठ माझा मीच वर केला,
हिरड्या उघड्या, दिवसाढवळ्या.
"हा फार कोरा, लग्नातला वाटेल.
हा निळसर मारते.
हा घ्या. जरा वापरलेला. त्रेपन्न वर्षांचा."
तिनं फॉर्मवर आकडा लिहिला,
आणि मागच्या खुर्चीवरची दुसरी इंटर्न
आपली पट्टी घेऊन आली तेव्हा म्हणाली,
"काकांना विचार."

कवळी बसली. 'स' अजून शिट्टी मारतो.
रात्री ती वाटीत, पाण्यात.
कधी कधी वाटतं तिथून बोलेल.
अजून बोलली नाही.

काल पोह्याच्या ठेल्यावर म्हणालो,
"तर्री कमी, कांदा जास्त."
हात खिशात होता.
ठेलेवाल्यानं वर पाहिलंसुद्धा नाही,
प्लेट सरकवली.
मागचा म्हणाला, "भाऊ, सरका थोडे."
सरकलो.